नव्वद सेकंद हलायचं नाही

दुर्बीण घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात हातोड्याने तीन गोष्टी मोडल्या. ट्रायपॉडचा एक पाय, ध्रुव ताऱ्याकडे रोख धरायचा स्क्रू आणि मेहुण्याची करंगळी. पहिल्या दोन त्याने तारेने आवळून बसवल्या. करंगळी मेहुण्याने स्वतःच बसवून घेतली. तो अँब्युलन्स चालवायचा, त्यामुळे पट्ट्या गाडीत असायच्याच.

हातोडा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण पगाराच्या पाकिटावरसुद्धा लोक तेच लिहीत. जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत तो पंधरा वर्षं होता. चार मजली इमारत दाखवली की कुठली भिंत आधी घ्यायची हे तो खाली उभा राहून, शेंगदाणे खात सांगायचा. अडचण एवढीच, की संध्याकाळी घरी आल्यावर त्याचे हात घरी येत नसत. ते कामावरच राहत.

बायकोवर त्याने कधी हात उगारला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. झुरळावर उगारला. झुरळ ओट्यावर होतं आणि हाताशी नेमका आठ किलोचा घण होता. झुरळ मेलं. ओट्याचे दोन भाग झाले. एका भागावर गॅसची शेगडी राहिली, दुसऱ्या भागापाशी बायको, हातात रिकामं पातेलं घेऊन.

"तू आजवर एक तरी गोष्ट अशी केलीस का," ती म्हणाली, "जी आधी नव्हती आणि नंतर झाली? तुझं सगळं उलटं. आधी असतं, नंतर नसतं."

ती टपाल कार्यालयात पत्रांची छाननी करायची. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, चुकीच्या खणात पडलेलं पाकीट उचलून योग्य खणात टाकायची होती. तिने स्वतःला उचललं आणि बहिणीच्या घरी नेऊन ठेवलं. जाताना पर्समधून बदलीचा फॉर्म काढून दाखवला. गाव लांबचं, रेल्वेने दीड दिवस. फॉर्म द्यायची शेवटची मुदत वीस तारीख, संध्याकाळी पाच.

"त्याच्या आत एक गोष्ट करून दाखव. फोडून नाही, करून. नाही झाली तर मी चालले."

आता करायचं काय? हातोड्याने आधी खुर्ची करून पाहिली. खुर्चीबद्दल न बोललेलं बरं. मग त्याने आकाश निवडलं. त्यामागचा विचार साधा होता: घण तिथपर्यंत पोचत नाही.

दुर्बीण लहानच होती, दुधाच्या किटलीएवढी. खाली मोटर लावलेलं डोकं, ते ताऱ्यांच्या मागे मागे इतकं हळू फिरायचं की फिरतंय यावर विश्वासच ठेवावा लागे. मागे जुना कॅमेरा. मृग नक्षत्रात, व्याधाच्या बाणाखाली जो अंधुक तेजोमेघ आहे, त्याचा फोटो काढायचा असं ठरलं. शिकवणारा माणूस मोबाइलच्या पडद्यावर राहत होता आणि झोपलेल्या बाळाशेजारी बसल्यासारखा बोलायचा. "स्क्रू अगदी हळूच, दोन बोटांनी, पाव फेरा." हातोड्याला पाव फेरा म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. त्याच्या धंद्यात स्क्रू फिरवत नाहीत, भिंतीसकट काढतात.

पहिल्या फोटोत तारे अळ्यांसारखे आले. दुसऱ्यातही अळ्याच, फक्त जाड.

बायकोने पंच म्हणून आपल्या धाकट्या भावाला नेमलं होतं. तो रोज साडेसातला गच्चीवर यायचा आणि ताईला फोन करून अहवाल द्यायचा. हातोडा आणि मेहुणा या दोघांनी गेल्या दहा वर्षांत एकमेकांना इतकं मारलं होतं की आता त्यात राग कमी आणि नातं जास्त होतं. मारामारी संपली की ज्याला जास्त लागलंय त्याला स्ट्रेचरवर जागा मिळे, दुसरा पुढे बसे.

"भावोजी, हे झुरळच आहे," मेहुणा कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून म्हणाला. "ओट्यावरचं. आत्म्याने फोटो दिलाय."

हातोड्याने त्याच्या कानाखाली वाजवली. मेहुण्याने त्याच्या पोटात गुडघा घातला. दुर्बीण थरथरली आणि तिसऱ्या फोटोतले तारे दोन-दोन झाले.

तेव्हा हातोड्याच्या लक्षात आलं की ही गच्ची आपल्या ओळखीची आहे. म्हणजे ही नाही, पण अशा शेकडो त्याने पाडल्या होत्या. स्लॅबचा मधला भाग ढोलासारखा थरथरतो. खांबाच्या बरोबर वरची जागा मात्र मेलेली असते, तिथे घण घातला तरी शेजारी चहा हलत नाही. त्याने अनवाणी चालून, टाचेने ठोकत, तो खांब शोधला. ट्रायपॉडचे तीनही पाय त्यावर आणले. स्वतः बसायला घडी घातलेली गादी ठेवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याने एखादी इमारत उभी कशी राहते याचा विचार केला होता. त्याला जरा लाज वाटली.

त्या रात्री तारे टिंबांसारखे आले.

मग पाच दिवस ढग. एकोणीस तारखेला आकाश उघडलं.

"चाळीस फोटो," हातोडा म्हणाला. "प्रत्येकी नव्वद सेकंद. मध्ये दहा सेकंद मोकळे. मग सॉफ्टवेअर सगळे एकावर एक रचतं आणि हललेले फेकून देतं. नव्वद सेकंद कोणी हलायचं नाही."

"आणि दहा सेकंदांत?"

"दहा सेकंदांत काय करायचं ते कर."

मेहुण्याने विचार केला. सहा दिवसांची थकबाकी होती; करंगळीचा हिशेब अजून बाकीच होता. शटर उघडल्याचा खट्ट आवाज आला, नव्वद सेकंद दोघे एकमेकांकडे बघत पुतळ्यासारखे उभे राहिले. शटर मिटलं. मेहुण्याने हातोड्याच्या नाकावर डोकं आपटलं. हातोड्याने त्याची मान काखेत धरून बरगडीत दोन ठोसे घातले. खट्ट. दोघे थांबले. हातोड्याच्या नाकातून रक्त ओठावर येत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं.

"आत तोंडात जातंय," मेहुणा ओठ न हलवता म्हणाला.

"गिळतो."

बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटं मारतात आणि एक मिनिट विश्रांती घेतात. इथे गणित उलटं होतं, आणि त्यामुळे मारामारीला एक शिस्त आली होती. नव्वद सेकंद पुढचा ठोसा कुठे घालायचा याचा शांतपणे विचार करता येई. आठव्या फोटोपर्यंत सगळं नियमाने चाललं. नवव्याला मेहुण्याचा दात पडला, आणि दात पडल्यावर माणूस दहा सेकंदांत थांबत नाही. पुढे दोघेही थांबेनात. खट्ट झालं तरी लाथा, शटर उघडं असताना गळे धरणं, एकदा तर हातोडा मेहुण्याला उचलून स्लॅबच्या नेमक्या मध्यावर आपटून बसला, जिथे ढोल वाजतो तिथेच.

तिसाव्या फोटोला हातोडा एकदम थांबला. मेहुण्याचा पुढचा ठोसा त्याने डोळ्यावर घेतला आणि परत केला नाही.

"किती उरले?" मेहुण्याने विचारलं.

"दहा. वीसेक वाया घालवलेत आपण."

मेहुण्याने वाकून जमीन चाचपली. मग दात खिशात घालून म्हणाला, "मी खालून कापूस आणतो. तुम्ही बसा. ताईला काही सांगत नाही."

हातोडा गादीवर मांडी घालून बसला. बत्तिसावा. तेहेतिसावा. पस्तिसावा झाला तेव्हा तो श्वाससुद्धा शटरच्या तालावर घेत होता. सदतिसाव्याचं खट्ट झालं आणि त्याच्या पाठीत लोखंडी पाइप बसला.

हे टाकीवाले काका. खालच्या मजल्यावर राहत, वय एकाहत्तर. इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण कोणीतरी चोरणार आहे अशी त्यांना बारा वर्षं खात्री होती. धपाधप ऐकून ते चोर पकडायला आले होते. टॉर्च लावली तर चोराला कळतं, म्हणून अंधारातच. चोर टाकीपाशी पाठमोरा बसलेला सापडला तेव्हा त्यांना भरून आलं असावं.

दुसरा पाइप खांद्यावर. हातोड्याच्या तोंडून हवा गेली, आवाज गेला नाही. उठलो तर सदतिसावा गेला. वळून पाइप धरला, काकांना ढकललं, तर ते ट्रायपॉडवर पडतील आणि सगळंच गेलं. पंधरा वर्षं ज्या हातांनी भिंती पाडल्या, ते हात त्याने मांड्यांखाली दाबले. तिसरा, चौथा, पाचवा. काका वयाच्या मानाने फार चांगलं मारत. सहावा मणक्यावर आला आणि डोळ्यांपुढे मृगापेक्षा जास्त तारे आले.

जिन्याच्या दारात मेहुणा आला, हातात कापूस. त्याने पाइप वर जाताना पाहिला आणि एक पाऊल धावत टाकलं. हातोड्याने मांडीखालून एक हात काढून तळवा दाखवला. थांब. मेहुणा एका पायावर थांबला.

"भावोजी," तो कुजबुजला, "मरताय."

"चाळीस सेकंद," हातोडा म्हणाला. "पाय हळूच ठेव. टाच नको."

सातवा. आठवा. काकांना दम लागला, त्यांनी पाइप भिंतीला टेकवून छाती चोळली आणि पुन्हा उचलला. अकरावा दंडावर बसला तेव्हा शटर मिटलं.

"काका," हातोडा म्हणाला, "मी आहे."

काकांनी वाकून पाहिलं. "अरे, तू होय." मग थोडा विचार करून त्यांनी आणखी एक हाणला. "हा तुझा. आधीचे चोराचे होते." आणि झाकण जागेवर आहे हे चाचपून ते खाली गेले.

उरलेले तीन फोटो मेहुण्याने काढले. हातोडा पोटावर पालथा पडून किती सेकंद झाले ते सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बायको आली, अँब्युलन्समधून. मेहुण्याने सायरन लावला नव्हता, पण वरचा दिवा चालू ठेवला होता. तिच्या खांद्याला पर्स होती. टपालाचं मुख्य कार्यालय तिथून दहा मिनिटांवर.

हातोडा उशांना न टेकता, ताठ बसला होता. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. काळ्यावर गुलाबी, पंख अर्धे मिटलेल्या पाखरासारखा एक धूर, आणि त्याच्या मधोमध चार बारीक तारे. कडा खरखरीत होत्या. पण तो होता. आधी नव्हता.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने, छाननी करणाऱ्या बाईने विचारावं तेच विचारलं.

"टाकून दिलेले कुठे आहेत?"

चाळीसातले एकोणीस ठेवले होते, एकवीस टाकले होते. तिने टाकलेले एकेक उघडले. तारे दोन-दोन, तीन-तीन, एकात तर सगळं आकाश तिरपं घसरलेलं.

"हा?"

"दात," मेहुणा म्हणाला.

"हा?"

"मला आपटलं तो."

"छान." तिने तो गठ्ठा बंद केला आणि ठेवलेले उघडले. प्रत्येकाखालची वेळ ती पाकिटावरचा शिक्का वाचावा तशी वाचत गेली. सदतिसाव्याशी थांबली. मोबाइल काढला. इमारतीच्या ग्रुपमधून ती अजून बाहेर पडली नव्हती. काल रात्री काकांनी तिथे लिहिलं होतं: टाकीपाशी चोर. आत्ताच अकरा फटके दिले. शेवटी आपलाच हातोडा निघाला, त्याला वेगळा एक दिला. रहिवाशांनी सावध राहावे. वेळ आठ त्रेचाळीस.

फोटोची वेळ आठ एक्केचाळीस. तारे टाचणीने टोचल्यासारखे, एकही जागचा हललेला नाही.

"शर्ट काढ," ती म्हणाली.

त्याने काढला. काढायला त्याला बराच वेळ लागला. तिने बोटाने, न टेकवता, मोजले.

"बारा. आणि तू काय करत होतास?"

"शटर उघडं होतं."

ती उठली. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. मेहुण्याने किल्ली हातात घेतली, कारण त्याला वाटलं ती कार्यालयात निघाली. ती जिना उतरून एक मजला खाली गेली आणि काकांच्या दारावरची घंटा वाजवली.

"काका, माझ्या नवऱ्याला तुम्ही मारलंत?"

"हो. एकच. बाकीचे—"

तिने त्यांच्या कानाखाली मारली. आयुष्यात पहिल्यांदाच मारत होती, त्यामुळे कुठे थांबायचं हे तिला माहीत नव्हतं. काका दारातल्या चपलांवर बसले. त्यांची कवळी तोंडातून निघाली, कठड्याला लागली, आणि टकटक करत जिन्याने खाली गेली. पहिला मजला, तळमजला, मग आवाज बंद.



"फाबाफ," काका म्हणाले. म्हणजे बहुतेक "शाबास". नक्की काही सांगता येत नाही.

ती स्वतःच्या तळव्याकडे बघत होती. तळवा लाल झाला होता. "माफ करा," ती म्हणाली. "शोधून देते." आणि पदर खोचून जिना उतरू लागली. तिच्यामागे मेहुणा उतरला, त्याच्यामागे एकेक पायरी मोजत, शर्टाशिवाय, हातोडा.

तळमजल्यावर मीटरच्या पेट्या, सायकली, कोणाच्या तरी तुटक्या बादल्या. तिने पर्स सायकलच्या दांड्याला अडकवली आणि गुडघ्यांवर बसली.

"ताई," मेहुणा म्हणाला, "पावणेपाच झाले. गाडी तयार आहे. सायरन लावला तर चार मिनिटांत पोचवतो."

ती पेट्यांखाली हात घालून चाचपत होती.

"ताई, खिडकी पाचला बंद होते."

"ऐकलं मी," ती आतून म्हणाली. "मोबाइलचा उजेड इकडे धर. आणि तू उभा काय राहिलास? तो डबा उचल. हळूच. दोन बोटांनी."

हातोड्याने डबा दोन बोटांनी उचलला.

कवळी सापडली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.