काखेतलं अवधाण

सोनोग्राफीच्या खोलीत थोरली डावा हात डोक्यामागे घेऊन पडली होती. डाव्या स्तनातली गाठ कर्करोगाची, हे कळून चुकलं होतं. रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचलाय का, एवढंच आता बघायचं होतं. नसला तर सोमवारी ऑपरेशन. असला तर आधी औषधांचे लांबलचक फेरे.

डॉक्टरीणबाईंनी काखेत गार जेल लावून यंत्र फिरवलं. फिरता फिरता ते एका जागी थांबलं. पुढे गेलं, परत तिथंच आलं. थोरलीनं डोक्यामागची मूठ आवळली.

"काय दिसतंय हो?" पायाशी उभ्या धाकट्या जावेनं विचारलं.

"एक गाठ सुजलीय. काकू, या हाताला काही जखम? लस वगैरे घेतलीत?"

"छे! काही नाही." थोरलीनं मूठ आणखी आवळली.

मधल्या बोटाला नखुरडं झालं होतं. पू दिसला तर ऑपरेशन पुढे ढकलतील, ही ब्याद अंगात तशीच राहील, या धास्तीनं तिनं सकाळीच पट्टी काढून टाकली होती. पण लहानपणी पायात काटा मोडला की जांघेत अवधाण यायचं. आई कापडाच्या बोळ्यानं शेकायची, म्हणायची, काटा निघू दे, गाठ आपोआप बसेल. ते आठवलं आणि ती चपापली.

"बाई, बोटाचं अवधाण काखेत येतं का हो?"

"दाखवा बरं."

मूठ उघडली. बोट लालबुंद, टरटरून फुगलेलं.

"अगं बाई!" धाकटी कडाडली. "काल मी हात बघू म्हटलं, तर म्हणालात, ज्योतिषी लागून गेलीस का!"

"तू गावभर डांगोरा पिटला असतास."

"पिटलाच असता, जाऊबाई!"

डॉक्टरीणबाईंचे डोळे पडद्यावरच होते. "गाठीची कड जाड झालीय, मधली चरबी मात्र शाबूत दिसतेय. बोटामुळे असेल, रोगामुळेही असेल. नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. सुईनं पेशी काढून तपासायला पाठवू. बोटाचं सर्जनना मी कळवते. सोमवारचं तेच ठरवतील."

सुईची तयारी सुरू झाली. धाकटीचा आवाज एकदम उतरला. "फार ठणकतंय का हो?"

"ठणकू दे," थोरली छताकडे बघत म्हणाली. "चांगलं ठणकू दे. काखेतलं सगळं त्या मेल्या बोटाचंच निघू दे."