बयाबाईच्या लुगड्याची चुंबळ

मी एक जुनी चुंबळ आहे. हल्ली पुष्कळ मुलांना चुंबळ ठाऊक नसते, म्हणून सांगते. भरली घागर नुसत्या डोक्यावर ठेवली तर तिचं बूड टोचतं आणि ती डुगडुगते. त्यासाठी फडक्याला पीळ देऊन त्याची गोल कडी वळतात आणि ती घागरीखाली घेतात. ती मी. मित्रांनो, वर घागर आणि खाली माणसाची मान, एवढंच माझं जग होतं. पण त्या दोहोंच्या मधे राहून मी जे पाहिलं, त्यातलं काही मला स्वतःलाच अजून उलगडलेलं नाही.

माझा जन्म जत तालुक्यातल्या एका धनगरवस्तीवर झाला. साल एकोणीसशे त्रेचाळीस. लढाई चालू होती आणि कापड कंट्रोलवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या वाट्यानेच मिळायचं, तेही नावाला. त्या उन्हाळ्यात वस्तीवरची बयाबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून वारली होती. तिचं एक हिरवं लुगडं दांडीवर तसंच राहिलं होतं. तिची धाकटी जाऊ रंगुबाई हिची चुंबळ झिजून गेली होती, म्हणून तिने ते लुगडं काढलं. बायका म्हणाल्या, मेल्या बाईचं डोक्यावर घेऊ नये. रंगुबाईने दातांनी काठ तोडला, पट्ट्या फाडल्या, पिळल्या आणि मला वळलं. पीळ देताना तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. मला वाटलं, पीळ घट्ट बसावा म्हणून जोर लावते आहे.

पुढची तीन वर्षं मी रोज चार खेपा केल्या. विहीर खोल होती आणि वाट दगडांची. रंगुबाईच्या मानेसारखी मान मी पुन्हा पाहिली नाही. पाय दगडावरून निसटला तरी मान तो हिसका आपल्यात जिरवायची आणि वरच्या पाण्याला कळायचंसुद्धा नाही. बायका तिचं कौतुक करायच्या. विहिरीवरून निघाली की ती मागे वळून पाहत नसे. भरल्या घागरीखाली तसं वळताही येत नाही.

शेहेचाळीसच्या भाद्रपदात, सकाळच्या तिसऱ्या खेपेला, माझ्यावरची घागर डावीकडे कलली. मान सावरेल म्हणून मी वाट पाहिली. मान आलीच नाही. घागर दगडावर आपटली, मी घरंगळत जाऊन बाभळीपाशी पडले. रंगुबाई वाटेत बसली होती. तिचं अर्धं तोंड सैल पडलं होतं आणि अर्धं जागच्या जागी होतं.

वस्तीवर म्हणाले, अंगावरून वारं गेलं. पक्षाघाताला तिथे तसंच म्हणतात.

तिला बाजेवर निजवलं आणि मला तिच्या डाव्या अंगाच्या भिंतीवर खुंटीला अडकवलं. तिची मान उजवीकडे वळून तशीच राहिली होती. डावीकडे ती बघतच नसे. तिकडे भिंत, दार, मी, काही आहे असं तिच्या गावीही नव्हतं. ताटातली भाकरी ती उजवीकडून खायची आणि बरोब्बर अर्धी ठेवून द्यायची.

एक दिवस तिचा नवरा सिद्धू तिचा डावा हात हातात घेऊन म्हणाला, "रंगू, ह्यो हात उचल बगू."

"कुणाचा?"

"तुजाच की."

"माजा न्हाई वो," ती अगदी शांतपणे म्हणाली. "जाऊबाईचा हाय. गार लागतोय बगा. ती कवाची हितं निजलीया."

सिद्धूने हात सोडला. हात नुसता बाजेवर पडला.

ही गोष्ट वस्तीभर झाली. मग लोकांना आठवलं, की बयाबाईला विहिरीतून वर काढलं तेव्हा तिचीही मान अशीच उजवीकडे फिरलेली होती. आणि येणारा जाणारा खुंटीवर माझ्याकडे बघू लागला. कुणी म्हणे, ती चुंबळ जाळून टाका. मित्रांनो, आपण कुणाचा तरी घात केला असेल का, हे माहीत नसताना भिंतीवर लटकत राहणं फार अवघड असतं. मी बयाबाईचं कापड होते. तिचं आणखी काही माझ्यात होतं का, ते मला सांगता येत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी रंगुबाईचा धाकटा भाऊ जोतीराम फौजेतून सुटून आला. लढाईची चार वर्षं त्याने इस्पितळात जखमी शिपायांची सेवा केली होती. तो बहिणीच्या डाव्या बाजूला बसला आणि म्हणाला, "आक्का, मी आलोय."

"कोन, जोती?" असं म्हणत तिने उजवीकडच्या भिंतीकडे पाहिलं आणि तिथे तोंड शोधू लागली.

जोतीराम उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने सिद्धूला म्हणाला, "दाजी, असं म्या लय बगितलंय. डोस्क्यात गोळी लागल्याला एक शिपाई निम्मीच दाढी करायचा. दुसरं निम्मं त्वांड हाय, ह्येच त्येला ठावं नसायचं. मेंदूचा त्यो भाग निजतो. त्येला जागं करावं लागतं, हळूहळू."

"मग बयाबाईचं काय म्हन्तूस?"

"त्ये मला ठावं न्हाई. मान कशी वळवायची, त्येवढं ठावं हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्याने काम सुरू केलं. गरम फडक्याने तो मान शेकायचा, करडईचं तेल चोळायचा, पण ओढायचा कधीच नाही. मग मेंढीच्या गळ्यातली घंटी तिच्या नजरेसमोर धरून तो डावीकडे सरकवायचा. तिचे डोळे नाकाच्या समोरपर्यंत यायचे आणि तिथे कुंपण असल्यासारखे थांबायचे. जोतीराम घंटी तिथेच धरून ठेवायचा. उद्या एक बोट पुढे.

तिला बाजेच्या कडेला बसवलं की ती डावीकडे कलायची.

"पडतीयास आक्का."

"न्हाई रं. सरळ हाय मी."

तेव्हा त्याने मला खुंटीवरून काढलं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. दीड महिन्याने मी त्या मानेवर आले. ती मान मला ओळखू आली नाही. एका बाजूची शीर दोरीसारखी ताठ आणि दुसरी मऊ, कुणी राहत नसल्यासारखी. मी घसरले आणि तिच्या डाव्या मांडीजवळ पडले.

"चुंबळ कुटं गेली?" तिने विचारलं.

"हुडक."

ती उजवीकडेच हुडकत राहिली. असं रोज चाललं. नवव्या दिवशी ती मान कापत कापत मधल्या कुंपणापलीकडे आली आणि तिला मी दिसले. तिच्या कपाळावर घाम आला.

"बयाचं लुगडं," ती पुटपुटली आणि तोंड फिरवून घेतलं. दोन दिवस तिने घंटीकडे पाहिलंच नाही.

इकडे सिद्धूचा जीव टांगणीला लागला होता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी, उंब्रजच्या अंगाला उतरायचं असतं. बायकोला अशी टाकून जाणार कसा, आणि न गेला तर मेंढरं खाणार काय? जोतीराम तेल आणायला जतच्या बाजारी गेला, त्या दिवशी सिद्धूने कानडी मुलखातल्या एका देवऋष्याला बोलावून आणलं.

भर दुपार होती. वस्तीवर कुत्रंही भुंकत नव्हतं. देवऋष्याने नारळ ठेवला, उदाचा धूर केला आणि सिद्धूला सांगितलं, मेलेलीने मान मुरगाळलीय, ती मुरगाळूनच सरळ करावी लागेल. मग त्याने एक हात रंगुबाईच्या हनुवटीखाली आणि दुसरा टाळूवर ठेवला.

"यारु नी?" त्याने कानडीत विचारलं. तू कोण?

"मी रंगू," ती म्हणाली. "हात काडा. मी वळते."

देवऋषी थांबला. त्याने सिद्धूकडे पाहिलं. सिद्धू पुढे झाला आणि देवऋष्याचं मनगट धरून म्हणाला, "काडा हात. ती म्हन्तीय न्हवं."

मग रंगुबाई वळू लागली. नाकासमोर ती थांबली. पुन्हा हलली. मी खुंटीवरून बघत होते. मानेची ती ताठ शीर कातडीखाली थडथडत होती. अखेर तिचं तोंड पुरतं डावीकडे झालं आणि ती बाजेच्या रिकाम्या कडेकडे बघू लागली. खूप वेळ ती बघत राहिली, एखाद्याचा चेहरा बघावा तशी.

"बया," ती म्हणाली, "त्या दिशी विहिरीवर पाय घसरताना तू मागनं हाक मारलीस, ती म्या ऐकली व्हती. रंगू थांब, म्हनलीस. डोक्यावर घागर व्हती, मला वळता येत नव्हतं, असं म्या समद्यांस्नी सांगितलं. घागर टाकून वळता आलं असतं. पानी सांडंल म्हनून वळले न्हाई."

देवऋषी दोन पावलं मागे सरला.

"आता वळलेय. बगतेय तुला. जा आता."

मित्रांनो, बाजेच्या त्या रिकाम्या कडेचा सुंभ खाली दबलेला होता. माणूस बसल्यावर दबतो तसा. मी रोज तिथेच लटकत होते, पण हे मला त्या दिवशीच दिसलं. मग तो सुंभ हळूहळू वर आला आणि इतर दोऱ्यांच्या बरोबर झाला.

रंगुबाईने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर घेतला. "ह्यो माजा हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "गार पडलाय. जरा चोळा."

सिद्धू त्या कडेला बसला आणि चोळू लागला. देवऋषी नारळ तिथेच सोडून उन्हातून चालता झाला.

सांजच्याला जोतीराम आला आणि त्याने सगळं ऐकलं. तो एवढंच म्हणाला, "मान मुरगाळली असती तर आक्का गेली असती."

त्या वर्षी सिद्धूने मेंढरं भाऊबंदांबरोबर पाठवली आणि स्वतः मागे राहिला. शेक, तेल, घंटी, सगळं तो जोतीरामाकडून शिकला. शिमग्यापर्यंत रंगुबाई काठी टेकत, डोक्यावर मला आणि माझ्यावर रिकामा तांब्या घेऊन अंगणात चालू लागली. मी पडले नाही. पुढल्या वर्षी ती विहिरीवर गेली. भरली घागर तिने पुन्हा कधी घेतली नाही, लहान कळशीच आणायची. मान शेवटपर्यंत जराशी उजवीकडे राहिली. पण अर्ध्या वाटेवर ती कळशी खाली ठेवायची, मागे वळून डावीकडे बघायची, आणि मग ती उचलून पुढे व्हायची.

पुढे वस्तीजवळ पाणी आलं आणि माझं काम संपलं. रंगुबाईही गेली. आता मी एका पेटीमागे पडून आहे. उंदरांनी माझी एक कड कुरतडली आहे, तिथून आतलं हिरवं कापड दिसतं. जोतीरामाचं खरं की वस्तीचं, हे मला विचारू नका. मी दोघांच्या मधे होते.

पण एक विनंती करते. तुमच्या घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं, तर डॉक्टरला दाखवा आणि त्यांची मान ओढू नका. ते अर्धीच भाकरी खातात म्हणून हसू नका. त्यांना जी बाजू दिसत नाही, तिकडे जाऊन बसा, तिथून हाक मारा आणि ते वळेपर्यंत थांबा. फार वेळ लागतो. तरी उठू नका. ती बाजू रिकामी ठेवू नका.