नाव घालायचं, नाव काढायचं

१९९६ सालच्या मार्चमधली सकाळ. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या चाळीत उज्ज्वला भाकरी थापता थापता रसायनशास्त्राची समीकरणं पुटपुटत होती. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. कापडाच्या लूमवरून आलेला तिचा बाप धुडकू दारातूनच म्हणाला, "कपडा बदल. कालेजमा जानं शे. नाव काढानं."

"बाबा, मनी परीक्षा शे!"

"पलसाणावाला सोयरा सांगतस, आते बस. त्यासना पोरगा दहावी नापास. तू आखो शिकनी तर त्याले मोजशी का?"

आई सुंदरा स्टोव्हला पंप मारत राहिली.

खानदेशातून सुरतेला आलेल्या या कामगारांत नवी रीत पडली होती. पोरगी कॉलेजात जाते म्हटलं की स्थळं बरी येत. म्हणून नाव घालायचं. सुपारी फुटली की काढायचं.

धुडकूला लिहिता येत नव्हतं. नाव काढण्याचा अर्ज उज्ज्वलालाच लिहावा लागला. कारकून मगनभाईंनी तो परत सरकवला. "बेन, 'मारी मरजीथी' एम लखो. पछी लफडुं नहीं."

तिने 'माझ्या मर्जीने' हेही लिहिलं.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लीलाबाई धावत आल्या. "बारा दिवस थांबा हो. एवढी परीक्षा होऊ द्या!"

"पास व्हयनी तर लगन मोडी जाई," धुडकू म्हणाला आणि पोरीला दंडाला धरून घेऊन गेला.

ऑगस्टमध्ये प्राचार्यांनी सभेत अभिमानाने सांगितलं, दहा वर्षांपूर्वी कॉलेजात मुली बावीस होत्या, यंदा दोनशे चाळीस. टाळ्या झाल्या. लीलाबाईंनी जुनी हजेरीपत्रकं काढली. तीन वर्षांपूर्वी शहाऐंशी मुलींनी प्रवेश घेतला होता. शेवटच्या परीक्षेला बसल्या एकोणीस. तो कागद त्यांनी प्राचार्यांपुढे ठेवला.

"मॅडम, वर फक्त प्रवेशाचा आकडा मागतात," ते म्हणाले.

दिवाळीत लीलाबाई उज्ज्वलाच्या सासरी, पलसाण्याला गेल्या. उज्ज्वलाच्या भुवईवर ताजा व्रण होता. गिरणीतून आलेली इंग्रजी नोटीस नवरा लक्ष्मण उलटसुलट करत बसला होता, तेव्हा तिने ती त्याच्या मित्रांसमोर घडाघडा वाचून दाखवली होती. त्याची ही खूण.

"पुस्तकं पाठवू का? बाहेरून परीक्षा देता येते."

सासू उंबऱ्यात उभी होती. उज्ज्वलाने तिच्याकडे पाहिलं. "माले वाचता येत नही, मॅडम," ती मोठ्याने म्हणाली आणि चहाचा कप उचलून आत गेली.

पुढच्या जूनमध्ये धुडकू धाकट्या सोनालीला घेऊन प्रवेशाच्या रांगेत उभा राहिला. मागे सुंदरा. टेबलाशी लीलाबाई होत्या. त्यांनी फॉर्म पुढे करताच सोनाली बोलली, "तिसऱ्या वर्षापर्यंत शिकू देणार असतील तरच माझं नाव लिहा, मॅडम. स्थळांना दाखवायला नको."

धुडकूने तिथेच तिच्या थोबाडीत दिली.

रांगेत तीसेक बाप होते. एकही हलला नाही. "फार चढून गेल्यात पोरी," कुणीतरी म्हणालं.

त्याचा दुसरा हात उठला तेव्हा सुंदरा मध्ये शिरली. चार माणसांत नवऱ्यापुढे ती कधी बोलली नव्हती. "माले मारा. एक पोर मुकी करी टाकी आपन. ही नही." मग लीलाबाईंकडे वळून म्हणाली, "लिवा बाई. अंगठा मना घ्या."

"घर ये, मंग दखसू तुले," धुडकू दात खाऊन म्हणाला आणि निघून गेला.

घरी काय वाट पाहतंय ते सुंदराला ठाऊक होतं. तरी तिने अंगठा नीट उमटवला. लीलाबाईंनी फॉर्मवर सही केली, टेबल मगनभाईंच्या हवाली केलं आणि त्या दोघींबरोबर कडोदऱ्याच्या बसमध्ये चढल्या.