म्हातारबाच्या पेटीतले किडे

झुरळमामांच्या घरात मुंगीसुद्धा विचारून येते, असं गल्लीतली माणसं म्हणत. तीस वर्षं पाठीला पंप लावून आणि तोंडाला फडकं बांधून या माणसानं लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण, वाळवी मारली होती. नाव पोरांनी ठेवलं, मोठ्यांनी उचललं आणि मामांनाही ते आवडायचं. खपायची नाही ती एकच गोष्ट, स्वतःच्या घरात कीड. लोक म्हणतील दिव्याखाली अंधार, आणि मग बोलावणार कोण?

घरात माणसं दोनच, मामा आणि त्यांची मुलगी. मामी जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच वर्षी मुलीनं तळहाताएवढं एक कासव आणलं आणि त्याचं नाव ठेवलं म्हातारबा. आता ते चांगलं ताटाएवढं झालं होतं. तिच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब लाकडी पेटी होती. तिच्यात वीतभर ओली माती, वाळका पाला, सालीसकट एक ओंडका आणि वर उबेचा दिवा. कासव दमट रानातलं, कोरड्या हवेत त्याचे डोळे सुजायचे. मुलगी बापाशी मोजून-मापून बोलायची आणि कासवाशी तासन् तास. गल्लीतल्या इतर मुली बापाला अरे-तुरे करत, ही 'अहो बाबा' म्हणायची, आणि मामा त्याला वळण समजत. भिंतीपलीकडून तिचं कासवाशी चाललेलं हसणं ऐकू आलं की त्यांना वाईट वाटायचं, पण तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मग तिची स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात सहा आठवडे. शुद्धीवर येताच ती म्हणाली, "बाबा, म्हातारबाला दोन वेळा पाणी शिंपडा. रोज पाला, एक दिवसाआड फळाच्या फोडी. आणि मातीला हात लावू नका हं."

"का? काय पुरलंयस तिच्यात?"

"काही नाही. आहे तशी बरी आहे."

आठ दिवस मामांनी ऐकलं. नवव्या दिवशी फळाची फोड ओंडक्यामागे घरंगळली, म्हणून त्यांनी ओंडका उचलला. खाली करड्या पाठीचे, डाळीएवढे किडे दाटीवाटीनं बसलेले. मातीवर पांढरे ठिपके टुणटुण उडत होते. मामांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"माझ्या घरात!" ते कासवाला म्हणाले. कासवानं मान आत घेतली.

मामा अडाणी नव्हते. जनावराच्या जागेत औषध मारायचं नसतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी म्हातारबाला न्हाणीतल्या टबात ठेवलं, सगळी माती पत्र्यावर टाकून गॅसवर भाजली, ओंडका उकळला, पेटी घासली, पालाही नवा आणला आणि तोही उकळून घेतला. दोन दिवस लागले. मग माती पुन्हा ओली करून त्यांनी सगळं जागच्या जागी मांडलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. पोरगी घरी आली की दाखवू, म्हणून तिला सांगितलं नाही.

"म्हातारबा जेवला का?" दवाखान्यात तिनं रोजच्यासारखं विचारलं.

"जेवला."

"आणि माती?"

"एकदम झकास."

ती काहीतरी बोलणार होती, पण मग तिनं पाणीच मागितलं.

पाचव्या दिवशी मातीवर पांढरी बुरशी आली. कासवाची घाण आता पडल्या जागी राहू लागली, फळाचा उरलेला चोथा सडू लागला. आधी चिलटं आली, मग पाठीत वाकलेल्या, तुरुतुरु पळणाऱ्या बारक्या माश्या आल्या. मामांनी चिकट पट्ट्या टांगल्या. वाटीत व्हिनेगर आणि साबणाचा थेंब ठेवला. माती पुन्हा भाजली. चार दिवस शांत जायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माती सुकवावी तर कासवाचे डोळे सुजत, ओली ठेवावी तर माश्या येत. तीस वर्षांत पहिल्यांदाच किडीनं मामांना जेरीला आणलं होतं.

जनावरांची डॉक्टरीण दोन गल्ल्या सोडून राहत होती. विचारायचं होतं फक्त. पण किडीबद्दल झुरळमामा दुसऱ्याला विचारणार? जीव गेला तरी नाही. आणि जीव गेलाच, पण मामांचा नाही.

चौथ्या आठवड्यात म्हातारबानं खाणं सोडलं. मामांनी त्याला उलटं केलं तेव्हा शेपटीखालच्या कातडीत एक जखम दिसली. जखम हलत होती. मामांनी आयुष्यभर किडे पाहिले होते, पण त्या दिवशी त्यांना भडभडून उलटी झाली.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं एकेक अळी काढली. बराच वेळ लागला. मग हात धुता धुता त्या म्हणाल्या, "कमाल आहे. तुमच्या मुलीच्या पेटीत माश्या कशा झाल्या? मातीतले किडे काय करत होते?"

"कुठले किडे?"

"करडे आणि पांढरे. गेल्या वर्षी मीच डबीभर दिले होते. घाण, बुरशी, सडका पाला, सगळं खातात बिचारे. ते असले की माशीला जागाच उरत नाही. कासवाला काही करत नाहीत."

बाईंनी मामांकडे नीट पाहिलं आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्हाला तिनं सांगितलंच नाही का? हां, मला म्हणाली होती खरी, बाबांना सांगू नका म्हणून. मला वाटलं, गंमत करतेय."

गंमत नव्हती. मुलगी सात वर्षांची असताना तिनं काड्यापेटीत एक हिरवी अळी पाळली होती. मामांनी ती चपलेनं चिरडली होती आणि असे ओरडले होते की शेजारचे दार उघडून बघायला आले. पोरगी चादर हनुवटीपर्यंत ओढून दोन दिवस गप्प पडून होती. मामांना वाटलं होतं, धडा मिळाला.

अळ्या काढल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, टबात ओल्या टॉवेलवर, म्हातारबा गेला. मामांनी त्याला धुऊन इमारतीमागं पुरलं आणि चार वाजता, भेटायच्या वेळेला, दवाखाना गाठला. वाटेत त्यांनी मनाची तयारी केली होती. ती किंचाळेल, उशी फेकेल, तोंड दाखवू नका म्हणेल. म्हणू दे. मामांना तेच हवं होतं.

"म्हातारबा जेवला का?"

मामा स्टुलावर बसले. "तुझे किडे मी मारले," ते म्हणाले. "माती भाजली. मला माहीत नव्हतं. मग माश्या झाल्या, त्याला अळ्या पडल्या, मी डॉक्टरकडे उशिरा नेलं. आज सकाळी गेला तो."

तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिच्या हातानं चादर पकडली आणि हळूहळू हनुवटीपर्यंत ओढून घेतली. सव्वीस वर्षांची बाई होती ती.

"माझंच चुकलं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला विचारल्याशिवाय घरात किडे आणायला नको होते मी. रागावलात?"

मामांना रडू आवरेना. "अगं, ओरड ना माझ्यावर! अरे-तुरे कर, शिव्या दे, काहीही बोल."

तिनं तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज फुटेना. मामा वाट बघत राहिले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान फिरवली. शेवटी मुलीनं डोळे पुसले आणि, घरात ताट वाढून दाराआडून विचारायची त्याच दबक्या आवाजात, विचारलं, "तुम्ही जेवलात का?"