खोडायचं बटण गुळगुळीत झालेला लॅपटॉप

"दादा, खरं सांग, नव्या पोरांच्या नोकऱ्या एआयनं खाल्ल्या का?"

मैत्रिणींनी 'विचारून दाखव' अशी पैज लावली होती, म्हणून राजनंदिनीनं हे घरात सगळ्यांसमोर विचारलं. दहावी झाली होती, उद्या पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायचा होता. तिला कॉम्प्युटर शाखा घ्यायची होती आणि बाबा नको म्हणत होते.

मित्रांनो, मी तेव्हा तिच्या मांडीवरच होतो. मी एक जुना लॅपटॉप, मुक्काम कोल्हार.

तिचा चुलतभाऊ रविराज पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत पहिल्या नोकरीला लागला, तेव्हा त्यानं मला घेतलं. पहिल्याच महिन्यात प्रोग्राम लिहिताना त्याची अशी चूक झाली, की एका दुकानाच्या गिऱ्हाइकांना एकच मेसेज चाळीस-चाळीस वेळा गेला. त्याच्या वरिष्ठ नीलांबरीमॅडम एवढंच म्हणाल्या, "तूच शोध. मी बसते शेजारी." दोन दिवस लागले. माझं खोडायचं बटण तेव्हाच गुळगुळीत झालं. त्या बाईंचे उपकार मी कसे विसरू? पुढं रविराजला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. राजनंदिनीनं मला बाहेर काढलं, मऊ फडक्यानं पुसलं. तिचेही उपकार आहेतच.

सुट्टीला घरी आलेला रविराज म्हणाला, "थोड्या खाल्ल्या. लॉकडाऊनमध्ये कंपन्यांनी भरमसाट पोरं घेतली, मग कामं आटली, तेही आहे. पण मी ज्यावर शिकलो ती बारकी कामं आता एआय करतं. आमच्याकडं दहा नवे घ्यायचे, यंदा दोन घेतले. कुणामुळं किती, ते मलाही सांगता येत नाही."

"ऐकलं का?" बाबा म्हणाले. "लई शिकून घरीच बसायचं, त्यापरीस आपली पेरूची बाग बरी."

"पण मी बागेला पाणी कधी द्यायचं ते सांगणारा प्रोग्राम केलाय," राजनंदिनीनं माझा पडदा दादाकडं वळवला.

"ही ओळ कशासाठी?" रविराजनं विचारलं.

"ते… एआयनं लिहिलंय."

"मग फॉर्म एआयचाच भरू काय?" आई म्हणाली.

राजनंदिनीचे कान लाल झाले. तिनं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून स्वतः लिहायला घेतलं. आधी प्रोग्राम दिवसातून नऊ वेळा पाणी द्या म्हणाला. बाबा पोट धरून हसले. तिनं खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. दुपारी उत्तर बरोबर आलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपाच. पण नवं शिकणाऱ्याला चुकायला वेळही द्या. तो मिळाला, म्हणून रविराज घडला.

जेवायची ताटं वाढली होती. राजनंदिनी बाबांसमोर येऊन बसली.

"आई, बाबा, मी कॉम्प्युटरच घेणार. नोकरी लागंलच, असं न्हाई म्हणत मी. पण माझ्या प्रत्येक ओळीचं उत्तर मलाच देता येईल, एवढं शिकणार. उद्या फॉर्मवर सही तुमची लागंल, बाबा."