देवीलाल मास्तरचं चिअर अप

त्या वर्षी देवीलाल मास्तरच्या तोंडात 'चिअर अप' बसलं होतं. दारव्ह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि नवा मास्तर नव्या जावयासारखा असतो, जरा जास्तच ऐटीत. "कोणी खचलेला दिसला का पाठीवर थाप मारून म्हणायचं, चिअर अप! म्हणजे मन हलकं कर, हास," असं तो वर्गाला सांगायचा. नापास झालेल्याला म्हणायचा, चप्पल तुटलेल्यालाही म्हणायचा. बंजाऱ्यांच्या तांड्यातून मॅट्रिक झालेला पहिलाच माणूस तो. त्याची ऐट लोक कौतुकानं खपवून घेत.

त्या उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचा, बसंतीबाईचा नवरा गेला. नेरजवळच्या तांड्यात विहीर खणताना शंकरसिंगच्या अंगावर दरड आली. आईबाप कधीच गेलेले, त्यामुळे बसंतीला माहेर म्हणजे एकटा देवीलाल.

तांड्याची रीत अशी की, बाईवर असं काही कोसळलं आणि माहेरचं माणूस पहिल्यांदा दिसलं की ती त्याच्या गळ्यात पडून सुरात रडते. गेलेल्याचं एकेक आठवून सांगते. भावानंही तिच्याबरोबर रडायचं, तिला रिती होऊ द्यायचं आणि मग आपल्या हातानं पाणी पाजायचं. शेजारणींसोबत बसंती रडली होती, पण खरं रडणं तिनं भावासाठी राखून ठेवलं होतं.

देवीलाल आला तो हेडमास्तरांना सोबत घेऊन. साहेब भले माणूस, भेटायला म्हणून आले होते. तांड्याच्या तोंडाशीच बसंती धावत आली. बलया, म्हणजे सवाष्णीच्या दंडातल्या बांगड्या, उतरवलेल्या जागी पांढरे पट्टे उमटले होते. तिनं भावाच्या गळ्यात हात टाकले आणि पहिला सूर लावला, "भिया रे..."

देवीलालला एकदम लाज वाटली. साहेबांसमोर आपली बहीण अशी गळा काढते, पांढऱ्या सदऱ्याला डोळे पुसते! त्यानं तिचे हात हळूच सोडवले, पाठीवर थाप मारली. "बसंती, असं नाही करायचं. चिअर अप!"

सूर तुटला. "म्हणजे का, भिया?"

"म्हणजे रडायचं नाही. हासायचं."

बसंतीनं ओढणीनं डोळे पुसले आणि ती हसली. भाऊ शिकलेला, तो सांगतो ते बरोबरच असणार. साहेब म्हणाले, "धीराची आहे हो तुमची बहीण." देवीलालला बरं वाटलं. काय बरं वाटलं, कपाळ!

दिवाळीला तो पुन्हा गेला. बसंती वाळून गेली होती. भाकरी थापत होती, लोकांशी बोलत होती आणि सगळ्यांकडे पाहून तेच हसू हसत होती. बायका आता तिच्याजवळ बसायला भीत.

सासू धुरपताबाईनं त्याला बाजूला घेतलं. "मास्तर, तिचं रडणं काहून तोडलं तू? मायं पोरगं गेलं, मी रडून मोकळी झाली. तिचं तसंच आतमंधी अडकून राह्यलं. रात-दिवस हासून राह्यली बापा, मले पाहवत नाही."

देवीलाल तसाच मागे वळला. तो बसंतीसमोर जाऊन बसला. "बसंती, रड माय. मी आलो ना. माया गळ्यात पडून रड."

"आता येत नाही, भिया," ती साधेपणानं म्हणाली. "मी लय रडून पाह्यलं."

मग त्यानं तिला जवळ ओढलं आणि स्वतःच सुरुवात करू पाहिली. पण तो सूर बायांचा. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेला, शाळेच्या नादात कधीचा विसरलेला. त्याच्या तोंडून नुसता हंबरडा निघाला. शंकरसिंग, शंकरसिंग, यापलीकडे त्याला काही म्हणता येईना. सदरा भिजला, धोतर मातीत लोळलं, तांडा गोळा झाला, त्याला कशाचीच शुद्ध राहिली नाही. असं त्या दिवशी रडला असता तर!

बसंती त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. तिचे डोळे कोरडेच होते. तिनं ओढणीच्या पदरानं त्याचं तोंड पुसलं, आतून तांब्या आणला, आपल्या हातानं त्याला पाणी पाजलं. मग अगदी त्याच्यासारखीच पाठीवर थाप मारून, हसून म्हणाली,

"चिअर अप, भिया."