बाईंच्या गळ्यावरचा हात

शिंपिणीला बाईंचा काही म्हणजे काही राग नव्हता, असं ती नवऱ्याला दिवसातून दोनदा तरी सांगायची. दोनदा सांगावं लागतंय म्हणजे पाणी कुठं मुरतंय, हे त्या बिचाऱ्याला कळायचं. पण तो मान खाली घालून काजं करत राहायचा. शहाणा माणूस.

त्यांची पाच वर्षांची मुलगी जन्मापासून बहिरी. कानाला यंत्र लावलं तरी दार आपटल्याइतका मोठा आवाजच काय तो तिच्यापर्यंत पोचे. दुकानातल्या बटणांच्या डब्यात हात घालून तासन् तास बसायची, म्हणून तिचं नाव पडलं बटण. तिला बोलायला शिकवायला शाळेत एक बाई होत्या. त्यांनी बटणचा पंजा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि 'आ' म्हटलं. गळा थरथरला, बटणचे डोळे मोठे झाले. मग बाईंनी तोच पंजा छातीवर नेला, तिथंही थरथर. 'ई' म्हटलं की मात्र हात डोक्यावर, कारण ती थरथर वर टाळूपाशी लागते.

"आ सगळ्यात सोपा," बाई शेजारी बसलेल्या शिंपिणीला म्हणाल्या. "जबडा खाली सोडायचा, जीभ खाली निजवायची, वाटेत कुठं अडवायचं नाही. जगात तुम्ही कुठंही जा ताई, जवळपास प्रत्येक भाषेत हा सापडतो. कितीतरी भाषांत आईला हाक मारताना तोंड असंच उघडतं."

शिंपिणीनं मान डोलावली. पण तिचं लक्ष त्या पंजाकडे होतं. लेकीचा हात परक्या बाईच्या गळ्यावर, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जसा आपल्या गळ्यात पडतानाही कधी दिसला नाही! तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते घरी येईपर्यंत थांबलं नाही.

बरं, दुखतंय तर गप्प बसावं की नाही? पण हिनं ठरवलं, पहिला 'आ' आपल्याकडेच काढायचा. कपडे घालून बघायच्या आरशासमोर लेकीला बसवलं आणि जबडा दुखेपर्यंत तोंड उघडून दाखवलं. आवाज मात्र काढला नाही. एक तर गिऱ्हाईक हसेल. आणि दुसरं म्हणजे पोरीला ऐकूच येत नाही, तर घसा कशाला फोडायचा? बटण हुशार. आठवड्याभरात आईसारखंच तोंड उघडायला शिकली, अगदी हुबेहूब. आवाजाशिवाय.

"घरी कुणी शिकवलं का हिला?" बाईंनी पुढच्या वेळी विचारलं. "तोंड छान उघडते, पण आत सगळं गप्प. आता आधी ही सवय मोडावी लागेल."

बाई साधंच बोलल्या होत्या. शिंपिणीच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग मी बाहेरच बसते," ती म्हणाली. "माझ्यामुळं बिघडायला नको." आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी दोनदा बोलावलं, तरी उठली नाही. त्यानंतर बाई रोज बोलवायच्या, आणि रोज ती त्याच बाकावर. हातात कुणाच्या तरी सदऱ्याची शिवण उसवायला घेतलेली, आणि कान आत.

एके दिवशी आतून आवाज आला. जाडाभरडा, कडेला फाटलेला, पण आवाजच. "आ..." आणि थोडं थांबून, "ई."

सदरा बाकावरच टाकून शिंपीण आत धावली. बटणचा एक हात बाईंच्या छातीवर होता, दुसरा बाईंच्या डोक्यावर. तोंड बाईंकडे. तिनं पुन्हा म्हटलं, "आ-ई," आणि बोट दाखवलं, तेही बाईंकडेच.

शिंपिणीच्या पायाखालची जमीन सरकली. "वा!" ती म्हणाली. "छान शिकवलंत."

"ताई, अहो..." बाईंचा चेहरा उतरला. "शब्द शिकवताना माणूस समोर लागतं. मी म्हणणार आई आणि दाखवणार कुणाला? तुम्ही बाहेर. हात माझ्या अंगावर, म्हणून तिला वाटलं हे माझंच नाव. मी रोज बोलवत होते तुम्हाला."

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर रुसूनही बसलो होतो! शिंपीण खाली बसली, लेकीचा पंजा ओढून तिनं स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "आ," ती म्हणाली. रडू आल्यामुळं गळा इतका थरथरला की बटणनं चमकून बघितलं. मग बोट वळलं, पण अर्ध्यातच थांबलं. एकदा बाईंकडे, एकदा आईकडे. तिला काही ते ठरवता येईना.

त्या दिवसापासून शिंपीण आत बसू लागली. बाई बटणचा हात आईच्या छातीवर ठेवून द्यायच्या आणि स्वतः बाजूला सरकायच्या. जळफळाट काही लगेच गेला नाही. पण बाजूला सरकणाऱ्या बाईंवर जळणार तरी किती?

मग एका दुपारी शिंपीण मशिनवर पडद्यांची लांब शिलाई मारत होती. बटणला काही हवं असलं की ती पाय आपटायची. पण मशिनच्या धडधडीत ते कुणाला कळणार? मशिन चालूच राहिलं. आणि पाठीमागून आलं, "आ!"

शिंपीण गर्रकन वळली. बटण स्वतःच्याच छातीवर हात ठेवून उभी होती, आणि आई वळली म्हणून आईपेक्षा तीच जास्त चकित झालेली. शिंपिणीनं मुद्दाम पुन्हा पाठ केली. "आ!" पुन्हा वळली. पडदे संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाऊल टाकतानाच तिनं सांगितलं, "बाई, हिनं मला हाक मारली. पाठीमागून!"

बाई हसल्या, पण जरा उशिरा. "पाठीमागून?" त्या म्हणाल्या. त्यांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला. "मला नाही मारली अजून."

तो चेहरा शिंपिणीच्या चांगल्या ओळखीचा होता. दुकानातल्या आरशात तिनं तो कितीदा बघितला होता. क्षणभर तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग लाज वाटली.

"पाठ करून उभ्या राहा," ती म्हणाली. "मारेल."

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बटणचा हात छातीकडे चालला. शिंपिणीला ते बघवेना. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मनात म्हणाली, आज नको गं, उद्या मार.

"आ!"

दोघी एकदमच वळल्या. एका आवाजात दोन माणसं वळलेली बघून बटण टाळ्या पिटत हसत सुटली. हाक कुणाला मारली होती, हे त्या दोघींपैकी एकीनंही तिला विचारलं नाही.